पाहिलें तेवढेंच लिहावें

माघ सरत आला म्हणजे आपल्या वऱ्हाडांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. बाहेर माळावर पळस फुलूं लागतो आणि आंत वर्गांत परीक्षेची घाई उडते. अशा वेळीं मुलांस एक सकाळ पक्षी पाहण्यासाठीं मोकळी द्यावी, असें कोणी सुचविलें कीं बहुतेक पालकांच्या कपाळास आंठी पडते. "पांखरें पाहून मार्क मिळतात काय?" असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. ज्या बापानें पोटास चिमटा घेऊन मुलाची फी भरली, त्यास मुलाच्या वेळेचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. तो हिशेब देण्याकरितां हा लेख आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पक्षी पाहणें ही करमणूक खरीच. पण हातांत वही घेऊन पाहिल्यास ती खरें लिहिण्याची शिकवणी होते, आणि ही शिकवणी शाळेच्या चार भिंतींच्या आंत तितक्या चांगल्या रीतीनें देतां येत नाहीं.

वर्गांत आम्ही जे प्रश्न विचारतों त्यांचीं उत्तरें आम्हांस अगोदरच ठाऊक असतात. गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें, व्याकरणाचें मार्गदर्शिकेंत असतें. मुलाचें काम तें उत्तर गांठण्याचें. ह्या पद्धतीचे कांहीं गुण आहेत, परंतु तिच्यांत एक मोठा दोष आहे. "मला ठाऊक नाहीं" हें प्रामाणिक उत्तर तेथें शून्य मार्कांचें ठरतें, आणि अंदाजानें ठोकून दिलेलें उत्तर कधीं कधीं पूर्ण मार्क मिळवितें. दहा वर्षें ह्या शाळेंत काढलेल्या मुलास कांहीं तरी लिहून जागा भरण्याची संवय लागली, तर नवल तें काय? माळावर मात्र उत्तरें छापलेलीं नसतात. समोर एक पक्षी असतो, तो क्षणभर दिसतो व उडून जातो. काय पाहिलें आणि काय पाहिलें नाहीं, ह्याचा निवाडा ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो.

ह्यासाठीं दूरच्या अरण्यांत जावें लागतें असेंही नाहीं. यंदां महाशिवरात्रीच्या सुटींत आम्ही चौघे मित्र सिंदखेडराजा तालुक्यांतील साखरखेर्डा येथील शिवारांत गेलों होतों. एक चित्रकलेचे शिक्षक, एक दवाखान्यांतील कंपाउंडर, एक त्याच गांवचे शेतकरी आणि मी, असा आमचा मेळा होता. दुर्बीण चौघांत मिळून एकच. इतिहासाच्या पुस्तकांत साखरखेर्ड्याचें नांव येतें तें लढाईसाठीं. १७२४ च्या ऑक्टोबरांत निजामुल्मुल्क व मुबारिझखान ह्यांची येथें लढाई झाली, मुबारिझखान पडला, आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून गांवास फत्तेखेर्डा हें नांव देण्यांत आलें, पण लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव टिकलें. त्या एका दिवसाचा वृत्तान्त लिहिणाऱ्यांनीं लिहून ठेवला. मात्र त्याच शिवारांत दर वर्षीं कोण पाहुणे येतात व केव्हां जातात, ह्याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत नसते. ती ज्याची त्यानेंच करावी लागते.

त्या सकाळीं गहूं पिवळा पडूं लागला होता व हरभऱ्याची सोंगणी चालू होती. बांधावरच्या पळसास पान उरलें नव्हतें. फुलें मात्र डहाळ्यांस गच्च लागलीं होतीं. त्या फुलांवर भोरड्यांचा थवा उतरला होता. अंग फिकट गुलाबी, डोकें व पंख काळे. मध पितांना फुलांतील परागानें त्यांचीं कपाळें पिवळीं झालीं होतीं. ह्या भोरड्या मध्य आशियांतील गवताळ प्रदेशांतून येतात, आपल्याकडे हिंवाळा काढतात आणि एप्रिलच्या सुमारास विणीसाठीं परत जातात. शेजारच्याच डहाळीवर शिंजीराचा नर जांभळ्या काळ्या झळाळीनें चमकत होता. तारेवर वेडे राघू बसले होते, वडावर तांबटाची ठोक ठोक चालली होती, आणि नांगरटींतून टिटवी ओरडत उठत होती. पुढें तलावावर चक्रवाकांची जोडी दिसली. संस्कृतच्या तासाला जो चक्रवाक आपण केवळ विरहाचें प्रतीक म्हणून पाठ करतों, तो नारिंगी रंगाचा एक खराखुरा बदक आहे, लडाख व तिबेटकडे वीण करतो आणि आपल्या तलावांवर हिंवाळ्यास येतो, हें त्या दिवशीं कंपाउंडरसाहेबांस प्रथमच कळलें. त्यांचा आनंद पाहण्यासारखा होता.

परंतु मला सांगावयाची आहे ती गोष्ट पुढची. तलावापलीकडे एका निष्पर्ण झाडावर एक मोठा पक्षी आमच्याकडे पाठ करून बसला होता. सूर्य त्याच्या मागें होता. रंग दिसेना, चोंच दिसेना. केवळ काळी आकृति. चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, "ससाणा." कंपाउंडरसाहेब म्हणाले, "शिक्रा." शेतकरी मित्र हंसून म्हणाले, "गुरुजी, घार हाय ते, दुसरं काही नाही." मोबाईलवर चित्र काढलें, तें अंधुक आलें. इतक्यांत पक्षी उडून टेकडीआड गेला. वही माझ्या हातांत होती. मीं लिहिलें, "शिकारी पक्षी, एक, ओळख पटली नाहीं." चित्रकलेच्या शिक्षकांस तें रुचलें नाहीं. "एवढ्या लांब येऊन 'ओळख पटली नाहीं' असें लिहावयाचें काय? ससाणा लिहिल्यानें कोणाचें काय बिघडणार आहे?" असें त्यांनीं विचारलें.

कोणाचें काय बिघडतें, ह्याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत घडलेल्या एका गोष्टींत आहे. विद्यार्थ्यांनीं ती लक्षपूर्वक वाचावी.

रानपिंगळा नांवाचें एक लहानसें घुबड आहे. १८७३ सालीं ह्यूम ह्या पक्षिशास्त्रज्ञानें त्याचें प्रथम वर्णन केलें. पुढें खानदेशांत सरकारी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिड्सन ह्या गृहस्थानें शहाद्याच्या बाजूस त्याचे कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणासही निश्चितपणें आढळला नाहीं. जगांतील संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांपैकीं एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नांवाची चिठ्ठी होती. हा नमुना आपण १९१४ सालीं गुजरातेंतील मांडवी येथें मिळविला, असें त्यानें तिच्यावर लिहिलें होतें. मोठ्या हुद्द्याचा मनुष्य, जगभर नांव झालेला. त्याच्या चिठ्ठीवर अविश्वास कोणी धरावा? ह्या चिठ्ठीमुळें हा पक्षी १९१४ पर्यंत दिसत होता व तो गुजरातेंत होता, असें सर्वत्र मानलें गेलें. शोध झाले, पण रानपिंगळा मिळाला नाहीं. तो नष्ट झाला असावा असेंही कित्येकांस वाटूं लागलें.

पुढें पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीनें ती कातडी बारकाईनें तपासली. आंतील भरण व शिवणीची पद्धत पाहतां तो नमुना मूळचा डेव्हिड्सनचा होता, असें दिसून आलें. माइनर्ट्झहागेननें तो संग्रहालयांतून चोरला होता, पुन्हा नव्यानें शिवला होता आणि त्यावर आपल्या नांवाची खोटी चिठ्ठी बांधली होती. तेव्हां त्या बाईंनीं खोटी नोंद बाजूस सारली व केवळ खऱ्या नोंदींच्या जागा शोधावयाचें ठरविलें. बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट ह्या दोन सहकाऱ्यांसह त्या हिंदुस्थानांत आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, एका झाडाच्या उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांस दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनीं. पुढें तो आपल्या शेजारच्या मेळघाटांतही आढळला.

म्हणजे पक्षी कोठेंही गेला नव्हता. डेव्हिड्सननें खरें लिहून ठेवलें होतें, तेथेंच तो होता. खोट्या चिठ्ठीनें मात्र शोधणाऱ्यांस भलत्याच वाटेस लावलें. मधल्या काळांत जें रान तुटलें, जीं झाडें गेलीं, त्यांत ह्या पक्ष्याची काळजी घेण्याची संधि किती वेळां हुकली असेल! चित्रकलेच्या शिक्षकांस मीं ही हकीकत चालतां चालतां सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं वही मागून घेतली आणि माझ्या नोंदीपुढें त्या पक्ष्याची काळी आकृति रेखून ठेवली. जेवढी दिसली तेवढीच. ती नोंद आतां माझ्या नोंदीहून अधिक उपयोगाची झाली आहे.

खोटें लिहिणें हा एक दोष झाला. ऐकीव तेंच खरें मानणें हा दुसरा, आणि तो आपणां सर्वांत आहे. परतीच्या वाटेवर एका विहिरीवर झुकलेल्या बाभळीस सुगरणीचे गेल्या पावसाळ्यांतील खोपे लोंबत होते. सुगरण हें नांव स्त्रीलिंगी. त्यामुळें खोपा मादी विणते, असेंच आपण लहानपणापासून समजत आलों. पावसाळ्यांत कोणत्याही विहिरीजवळ तासभर बसा, म्हणजे दिसेल कीं, पिवळ्या डोक्याचा नरच पात्या आणून खोपा विणतो. अर्धवट विणलेला खोपा मादीच्या पसंतीस उतरला तरच तो पुरा होतो. १९३० सालीं अलिबागजवळील किहीम येथें डॉ. सलीम अली ह्यांनीं अशाच खोप्यांपुढें दिवसचे दिवस बसून नोंदी केल्या, आणि एकच नर एकामागून एक अनेक खोपे बांधून अनेक माद्यांशीं संसार करतो, हें सिद्ध केलें. सुगरण कांहीं दुर्मिळ पक्षी नव्हे. हजारों वर्षें ती आपल्या विहिरींवर आहे. तिच्याकडे पाहून लिहून ठेवणारा तेवढा हवा होता.

सामान्य पक्ष्यांकडे लक्ष देण्याची ही परंपरा आपल्या प्रांतांत जुनी आहे. एका मिशनऱ्याचे चिरंजीव, १८५१ सालीं साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, हे १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकीं एक होते. १९०० सालीं त्यांनीं मुंबईच्या साध्या, नेहमींच्या पक्ष्यांवरच पुस्तक काढलें. कावळा, घार, चिमणी हींसुद्धां अभ्यासाचा विषय होऊं शकतात, हें अशा लोकांनीं दाखवून दिलें.

आतां कोणी म्हणेल, हे सारे विद्वानांचे उद्योग. आठवींतल्या पोराच्या वहीस कोण विचारतो? ह्याचें उत्तर आजच्या काळांत पूर्वींपेक्षां अधिक सोपें झालें आहे. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ९४२ जातींचा विचार केला आहे, आणि त्याचा आधार म्हणजे ३०,००० हून अधिक हौशी निरीक्षकांनीं केलेल्या सुमारें ३ कोटी नोंदी. त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, विद्यार्थीही आहेत. दसऱ्यास ज्याचें दर्शन आपण शुभ मानतों तो नीळकंठ देशांत कमी कमी होत चालला आहे, हें अशाच नोंदींवरून कळलें. साखरखेर्ड्याच्या वाटेवर आम्हांस तारेवर एक नीळकंठ दिसला. तो एक होता, एवढेंच आम्हीं लिहिलें. पुढल्या वर्षीं त्याच तारेवर कोणी पाहील व लिहील, तेव्हां आमच्या ओळीस अर्थ येईल. शेजारचें लोणार सरोवर २०२० सालीं रामसर यादींत गेलें, म्हणून तेथें पाहणारे पुष्कळ येतात. आपल्या खेड्यांचीं शिवारें मात्र आपण पाहिलीं नाहींत, तर दुसरें कोण पाहणार?

येथें मोबाईलविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. हल्लीं पक्ष्याचा आवाज ऐकवितांच मोबाईल त्याचें नांव सांगतो. सोय मोठी आहे व तिचा उपयोग करण्यास माझी हरकत नाहीं. परंतु मोबाईलनें सांगितलेलें नांव हा शेजाऱ्यानें सांगितलेला अंदाज समजावा. तो आपल्या डोळ्यांचा पुरावा नव्हे. पक्षी न पाहतां मोबाईलच्या सांगण्यावरून वही भरणारा मुलगा आणि मार्गदर्शिकेंतून उत्तर उतरणारा मुलगा, ह्या दोघांत मला फरक दिसत नाहीं. नांव मोबाईलनें सुचविलें असेल, तर तसेंच लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं.

शेतकरी पालकांची एक शंका उरते, आणि ती आमच्या शेतकरी मित्रांनींच काढली. "तुम्ही भोरड्यांचं कौतुक करता, पण आमचा जोंधळा कोण खातं?" हें खरें आहे. भोरड्या जोंधळ्यावर पडल्या म्हणजे कणसें रिकामीं होतात. आपल्या आजोबांनीं माळ्यावर उभें राहून गोफणी फिरविल्या त्या कांहीं हौसेनें नव्हे. पण ह्याच भोरड्या टोळ व नाकतोडे फस्त करतात, हेंही तितकेंच खरें आहे. एकाच बाजूचा जमाखर्च मांडला म्हणजे काय होतें, तें चीन देशानें पाहिलें. १९५८ सालीं तेथें चिमण्या धान्य खातात म्हणून त्या मारण्याची देशव्यापी मोहीम काढण्यांत आली. असंख्य चिमण्या मेल्या. त्यानंतर पिकांवर किडींचा सुळसुळाट झाला, आणि पुढें पडलेल्या भयंकर दुष्काळाच्या अनेक कारणांत हेंही एक गणलें जातें. १९६० सालीं सरकारनें चिमणीस त्या यादींतून वगळलें. त्याच चीनच्या शिनजियांग प्रांतांत पुढें टोळांच्या बंदोबस्तासाठीं भोरड्यांना मुद्दाम दगडांचीं घरटीं बांधून देण्यांत आलीं! पिकाची राखण करूं नका, असें मी म्हणत नाहीं. खर्चाबरोबर जमेची बाजूही वहींत लिहा, एवढेंच म्हणतों. आणि बांधावरचा पळस, बोर, बाभूळ तोडण्यापूर्वीं एकदां त्यावर कोण बसतें तें मुलास पाहून येण्यास सांगा.

आईबापांस आणखी एक विनंति. मुलांच्या हौसेखातर घरांत पिंजऱ्यांतला पोपट पाळूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपल्या देशी पोपटांस असें कोंडणें हा गुन्हा आहे, हें पुष्कळ चांगल्या घरांतही ठाऊक नसतें. मुलाच्या खिशांत गलोल असल्यास ती काढून घ्यावी व तिच्या जागीं पेन्सिल द्यावी. ज्यास नेम धरतां येतो त्याची नजर चांगलीच असते; तिला दुसरें काम मिळालें पाहिजे.

शेवटीं आमच्या शाळेपुरती एक सूचना मांडतों. प्रत्येक वर्गानें एक जाड पुठ्ठ्याची वही करावी. तिच्यांत तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या, तो काय करीत होता, आणि नोंद करणाराचें नांव, एवढेच रकाने असावेत. महिन्यांतून एक सकाळ वर्गशिक्षकांनीं मुलांस शाळेच्या आसपास दोन मैल फिरवून आणावें. दुर्बीण नसली तरी चालेल. पक्ष्यांची पुस्तकी नांवें न आलीं तर घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून गांवचीं नांवें लिहावींत. तीं नांवेंही आतां लोपत चाललीं आहेत आणि तीं जपणें हेंही आपलेंच काम आहे. वर्ष संपलें म्हणजे वही घरीं न नेतां पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. दहा वर्षांनीं त्या वहीवरून पळस केव्हां फुलला, भोरड्या केव्हां गेल्या, नीळकंठ किती उरले, हें सांगतां येईल. आणि तें सांगणारे ह्याच शाळेचे विद्यार्थी असतील.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेची तयारी अवश्य करा. तिच्यांत कुचराई नको. पण ह्या फाल्गुनांत एक सकाळ काढा. पहाटे निघा, थोडे बोला, पुष्कळ पाहा. वहींत लिहितांना नांव निश्चित ठाऊक असेल तर लिहा. नसेल तर जें दिसलें त्याचें वर्णन करा आणि नांवाची जागा कोरी ठेवा. कोऱ्या जागेची लाज बाळगूं नका. ती पुढल्या फाल्गुनांत तुम्हींच भराल, किंवा तुमच्या मागून येणारा कोणी भरील. खोटी भरलेली जागा मात्र दुरुस्त होण्यास किती काळ लागतो, तें रानपिंगळ्याच्या हकीकतींत तुम्हीं वाचलेंच आहे.